कोविडच्या काळात टीबीचा आकडा का घटला, नंतर का वाढला, आणि अर्धवट गोळ्या घेतलेल्यांचं काय करायचं?

उमरेड तालुक्यात काम करणाऱ्या एका आशा गटप्रवर्तक ताईंचा प्रश्न आहे. २०२० आणि २०२१ मध्ये त्यांच्या भागात टीबीचे रुग्ण एकदम कमी सापडले. तेव्हा वरून सांगण्यात आलं, की मास्कमुळे टीबी आटोक्यात आला. पुढे आकडा चढला, तर आता विचारणा होते की तुमचं काम कुठे कमी पडतंय. त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: कोविडने टीबीचं नेमकं काय केलं, हा चढता आकडा वाचायचा कसा, आणि त्या दोन वर्षांत मध्येच गोळ्या सोडलेल्या लोकांना आज काय सांगायचं.

ताई, आधी थेट उत्तर देतो. २०२० मध्ये टीबी कमी झाला नव्हता, टीबीचा शोध कमी झाला होता. नंतर चढलेल्या आकड्यात त्या वेळी राहून गेलेले रुग्ण आहेत आणि वाढलेल्या तपासण्याही आहेत. तेव्हा एकट्या आकड्यावरून तुमच्या कामाला नाव ठेवणं चुकीचं आहे. मी नागपुरात छातीच्या रोगांचा डॉक्टर आहे, माझं बहुतेक काम टीबीच्या रुग्णांतच झालं, आणि कोविडच्या दोन्ही लाटांत मी इथेच होतो. देशाचे आकडे आणि इथे पाहिलेलं, दोन्ही सांगतो.

भारतात २०१९ साली टीबीच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती सुमारे १८ लाखांवर आली. जगभरातही तेच: ७१ लाखांवरून ५८ लाख. आता मास्कचा दावा तपासून पाहा. टीबीचा जंतू शरीरात शिरला की लगेच रोग होत नाही. ज्यांना संसर्ग होतो त्यातल्या शंभरांपैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो, आणि त्यातल्या साधारण निम्म्यांना तो पहिल्या दोन वर्षांत होतो. म्हणजे २०२० मध्ये जे आजारी पडायचे होते, त्यातल्या बहुतेकांच्या छातीत जंतू २०१८-१९ मध्ये किंवा त्याही आधी पोहोचलेला होता. मार्चअखेर तोंडाला लागलेल्या मास्कने एप्रिल-मे महिन्यातले रुग्ण कमी होतील हे शक्यच नाही. मास्कने रस्त्यावरचा, बसमधला नवा संसर्ग थोडाफार अडवला असेल, पण त्याचा फायदा दिसायचा तर पुढच्या वर्षांत. दुसरा पुरावा मृत्यूंचा. रोग खरोखर घटला असता तर मृत्यूही घटले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या वेळच्या अंदाजांनुसार जगात टीबीचे मृत्यू २०१९ मध्ये १४ लाख होते, २०२० मध्ये १५ लाख झाले आणि २०२१ मध्ये १६ लाख. एका दशकाहून जास्त काळ दरवर्षी खाली येणारी रेघ तिथे वर वळली.

यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष होतं. ज्यांचं निदान झालं आणि ज्यांच्या हातात गोळ्या पडल्या, त्यांचं फारसं बिघडलं नाही. जगभरात साध्या, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या, टीबीचे उपचार यशस्वी होण्याचं प्रमाण २०१९ मध्ये ८६ टक्के होतं, २०२० मध्येही ते ८६ टक्केच राहिलं. भारतातही ते ८० टक्क्यांच्या वर टिकलं. याचं श्रेय तुमच्यासारख्यांना आहे. लॉकडाऊन लागताच एका महिन्याच्या गोळ्या एकदम द्यायला सुरुवात झाली, आणि आशाताई, टीबीएचव्ही (टीबीचे आरोग्य कार्यकर्ते), एसटीएस (उपचारांवर देखरेख करणारे पर्यवेक्षक) या लोकांनी जमेल त्या वाहनाने त्या घरोघरी पोहोचवल्या. टीबीचा सरकारी कार्यक्रम जिथे तुटला ती जागा याच्या आधीची: खोकणारा माणूस आणि पहिली बेडका तपासणी, यांच्यामधली.

ती का तुटली? नागपुरात पहिला कोविड रुग्ण ११ मार्च २०२० ला सापडला आणि २५ तारखेला देशभर लॉकडाऊन आला. एप्रिलमध्ये सतरंजीपुरा, मोमिनपुरा हे भाग सील झाले. तिथल्या अनेक कुटुंबांना आमदार निवासात आणि इतर ठिकाणी विलगीकरणात हलवलं गेलं. त्या वेळच्या साथीला ते आवश्यक वाटलं असेल, पण त्यातून खोकल्याची जी भीती बसली ती टीबीच्या मुळावर आली. पाचपावली, तांडापेठ, टेका नाका या दाट वस्त्यांत, जिथे विणकरांची आणि रोजंदारीवाल्यांची घरं आहेत आणि टीबी कायम असतो, तिथे लोक खोकला दाबायला लागले. एका बाईने मला सांगितलं, "खोकला हाये म्हणून सांगतलं तं पूर्ण घराले उचलून नेतीन जी." टीबीच्या कार्यक्रमाचा सगळा पाया असा, की दोन आठवडे खोकला असलेल्या माणसाने आपणहून येऊन सांगावं. तो पाया एका महिन्यात हलला.

त्यातही लोकांचं आपणहून येणं हे साथीआधीही फार मजबूत नव्हतं. २०१९ ते २०२१ या काळात देशात टीबीचं मोठं सर्वेक्षण झालं (कोविडमुळे तेही मध्ये थांबवावं लागलं होतं). त्यात टीबीची लक्षणं असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक कुठेच दाखवायला गेलेले नव्हते. शिवाय जे रुग्ण सापडले त्यातले जवळपास ४३ टक्के केवळ छातीच्या एक्सरेमुळे सापडले. एक्सरे काढला नसता आणि फक्त लक्षणं विचारली असती, तर ते सुटले असते. आधीच एवढी गळती असलेल्या कामात लॉकडाऊन आला, हे लक्षात ठेवा.

मग माणसं आणि यंत्रं. सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही यंत्रं टीबीसाठी जागोजागी पोहोचली होती. सीबीनॅट साधारण दोन तासांत जंतू आहे का हे सांगतं आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल की नाही हेही सांगतं. हीच यंत्रं कार्ट्रिज किंवा चिप बदलली की कोविडही तपासतात, आणि २०२० च्या एप्रिलपासून ती त्या कामाला लागली. लॅब टेक्निशियन स्वॅब घ्यायला गेले. टीबीएचव्ही कोविड रुग्णांचे संपर्क शोधायला गेले, आणि जानेवारी २०२१ पासून लसीकरणाला. मेडिकल आणि मेयो या नागपुरातल्या दोन्ही सरकारी रुग्णालयांचा मोठा भाग कोविडसाठी राखला गेला. धंतोली-रामदासपेठेतले खासगी दवाखाने काही काळ बंद किंवा अर्धवट चालू होते, आणि खासगीतून होणारी नोंद ही देशाच्या एकूण नोंदीचा मोठा हिस्सा असते.

ग्रामीण रुग्णांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त टोचतं ते वाहनाचं. नागपूर हे केवळ नागपूरकरांचं उपचारकेंद्र नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, तिकडून बालाघाट, शिवनी, छिंदवाडा, इथले रुग्ण इथे येतात. आधी लॉकडाऊनमध्ये रेल्वे आणि एसटी बंद, मग गाड्या सुरू झाल्या तरी अपुऱ्या. आणि कोविड ओसरत असताना नोव्हेंबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप चालला. औषधाला दाद न देणाऱ्या टीबीच्या रुग्णाला बेडाक्विलीन चालू असताना ठरावीक काळाने ईसीजी काढावा लागतो, कारण ते औषध हृदयाच्या ठोक्याच्या लयीवर परिणाम करू शकतं. महिन्याच्या गोळ्या घरपोच देता येतात, ईसीजी कसा घरपोच देणार? गडचिरोलीतल्या अहेरीहून खासगी गाडी करून नागपूरला येणं ज्याला परवडत नाही, तो तपासणी टाळतो, आणि तपासणी टळली की काही जण गोळ्याही टाळतात. साथीची झळ मोजताना आपण लाटांचे महिने मोजतो. इथल्या खेड्यातल्या रुग्णाची अडचण त्याहून कितीतरी लांबली.

आता निदानाच्या गोंधळाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हा भाग कमी बोलला जातो आणि यात डॉक्टरांचीही जबाबदारी आहे. कोविड आणि टीबी, दोघांतही ताप, खोकला, थकवा. २०२० मध्ये खोकणाऱ्याची आरटीपीसीआर व्हायची. निगेटिव्ह आली की घरच्यांचा जीव भांड्यात पडायचा आणि विषय संपायचा. निगेटिव्ह असूनही खोकला का आहे, हा पुढचा प्रश्न विचारलाच जात नव्हता. मार्च-एप्रिल २०२१ मध्ये नागपुरात तर घरोघरी सिटी स्कॅनच्या 'स्कोर'चीच चर्चा. स्कोर म्हणजे फुफ्फुसाचा किती भाग बाधित झाला याचा अंदाज, कशाने झाला हे तो सांगत नाही. कोविडची छाया साधारण दोन्ही बाजूंना, खालच्या भागात, कडेने, धुरकट काचेसारखी दिसते. टीबी बहुधा वरच्या भागात असतो, त्यात पोकळी असते, लहान लहान गाठी असतात. फोटो नीट पाहिला तर फरक कळतो, पण त्या दिवसांत रांग एवढी होती की अनेकांच्या हातात फक्त स्कोरचा कागद पडला.

त्यात औषधं. चिठ्ठीवर अ‍ॅझिथ्रोमायसिन, डॉक्सीसायक्लीन आणि फार लवकर स्टिरॉइड. टीबीच्या रुग्णाला स्टिरॉइड मिळालं की चार दिवस बरं वाटतं, ताप उतरतो, भूक लागते. मग जंतू मोकाट. काही ठिकाणी लेव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधंही खोकल्यावर दिली गेली. हे औषध टीबीला थोडं दाबतं, त्यामुळे बेडक्याची तपासणी फसवी येऊ शकते, आणि एकटंच दिलं तर जंतू त्याला दाद देईनासा होतो. नेमकं तेच औषध आम्हाला चिवट टीबीच्या उपचारात लागतं. शिवाय स्टिरॉइडने साखर वाढते, आणि मधुमेह असलेल्या माणसाला टीबीचा धोका दुप्पट-तिप्पट असतो. २०२१ मध्ये नागपुरात म्युकरमायकोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आले तेव्हा साखर आणि स्टिरॉइडची ही जोडी सगळ्यांना दिसली. टीबीच्या बाबतीत तीच जोडी सावकाश काम करते, म्हणून दिसत नाही.

लवकर न सापडलेला एक रुग्ण काय करतो? ज्याच्या बेडक्यात जंतू आहेत असा माणूस उपचाराविना राहिला तर वर्षाला साधारण १० ते १५ जणांना संसर्ग देतो. लॉकडाऊनमध्ये हे संपर्क बाहेरचे नव्हते, घरातलेच होते. एका खोलीत सहा-सात माणसं, दार बंद, खिडकी एक, आणि दिवसाचे चोवीस तास सोबत. त्यात लहान मुलं. पाच वर्षांखालच्या मुलाला संसर्ग झाला तर रोग लवकर होतो आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतो. याच काळात नियमित लसीकरणाची सत्रंही काही आठवडे विस्कळीत झाली होती, टीबीविरुद्धची बीसीजी लसही त्यात आली. रस्त्यावर मास्कने जे वाचवलं असेल, त्यातलं बरंच अशा घरांत गेलं असावं, असं मला वाटतं. मे २०२० मध्येच स्टॉप टीबी पार्टनरशिपच्या अभ्यासाने इशारा दिला होता, की तीन महिन्यांचा लॉकडाऊन आणि पूर्वपदावर यायला दहा महिने लागले, तर २०२५ पर्यंत जगात ६३ लाख जास्तीचे रुग्ण आणि १४ लाख जास्तीचे मृत्यू होऊ शकतात. अंदाज अंदाजच असतात. पण २०२१ मध्ये जगातला टीबीचा दर आदल्या वर्षापेक्षा ३.६ टक्क्यांनी वाढला, हे नंतर दिसलं.

आणि भूक. आपल्या देशात टीबीचं सर्वांत मोठं कारण कुपोषण आहे, तंबाखू आणि मधुमेहाच्याही वरचं. मजुरी बंद झाली, मुलांचा शाळेतला आहार बंद झाला, रेशनचं धान्य मिळालं पण डाळ, तेल, अंडी ताटातून गेली. ज्याच्या शरीरात जंतू झोपलेला आहे त्याचं वजन घसरलं की तो जंतू उठतो. याचा भक्कम पुरावा साथीच्याच काळात झारखंडमध्ये तयार होत होता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या मोठ्या चाचणीत टीबी रुग्णांच्या घरातल्यांना जास्तीचं धान्य आणि डाळ दिली, तर त्यांच्यातलं टीबीचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झालं. औषध नाही, इंजेक्शन नाही, फक्त पोटभर अन्न. एप्रिल २०१८ पासून रुग्णाला महिन्याला ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. हे चांगलं आहे, पण पैसा रुग्णाच्या खात्यात येतो आणि भूक घरभर असते. म्हणून रुग्णाचं वजन करता तेव्हा घरातल्या इतरांचंही करा, असा माझा आग्रह आहे.

आता चढत्या आकड्याकडे. देशातली नोंद २०२२ मध्ये २४ लाखांवर परत आली आणि २०२३ मध्ये साडेपंचवीस लाखांच्या आसपास गेली. जगात २०२३ मध्ये ८२ लाख नवे रुग्ण नोंदले गेले. १९९५ पासून ही मोजणी सुरू आहे, त्यातला तोवरचा हा सर्वांत मोठा आकडा. त्याच वेळी भारतातला टीबीचा अंदाजी दर मात्र खाली आला आहे: २०१५ मध्ये लाखामागे २३७ होता, २०२३ मध्ये १९५. नोंद वाढते आणि रोग घटतो, हे दोन्ही एकत्र खरं असू शकतं, कारण आधी जे सापडतच नव्हते ते आता सापडत आहेत. तरीही २०२५ पर्यंत हा दर ८० टक्क्यांनी खाली आणायचं जे उद्दिष्ट होतं, त्यापासून आपण खूप दूर राहिलो. साथीने त्यातली दोन महत्त्वाची वर्षं घेतली, पण सगळा दोष साथीवर टाकणं मला पटत नाही. २०२४ च्या सुरुवातीला, साथ संपून बराच काळ झाल्यावर, साध्या टीबीच्या गोळ्यांचाच तुटवडा पडला आणि केंद्राने राज्यांना स्थानिक पातळीवर खरेदी करायला सांगितलं. पुरवठ्यातला तो दोष विषाणूने केलेला नव्हता.

तुमच्या भागापुरतं बोलायचं तर बैठकीत रुग्णसंख्येच्या शेजारी दोन गोष्टी मांडा. किती लोकांची बेडका किंवा एक्सरे तपासणी झाली, आणि तपासलेल्या शंभरांत किती पॉझिटिव्ह आले. तपासण्या वाढल्या, रुग्ण वाढले, पण शेकडा पॉझिटिव्ह कमी झाले, तर तुम्ही जास्त शोधताय, ही शाबासकीची गोष्ट आहे. तपासण्या तेवढ्याच आणि शेकडा पॉझिटिव्ह वाढले, तर खरी काळजी करा. जमलं तर निदानाच्या दिवशीचं वजनही पाहा. ३५-३८ किलोचे प्रौढ रुग्ण येत असतील तर ते उशिरा येताहेत. आणि पंधरा वर्षांखालची मुलं किती, तेही बघा. मुलांतला टीबी म्हणजे गेल्या एक-दोन वर्षांतला ताजा संसर्ग, त्यामुळे घरात किंवा शेजारी एखादा मोठा रुग्ण लपलेला आहे हे तो सांगतो.

पुन्हा अशी साथ आली तर काय वेगळं करावं, हेही सांगतो. माझ्या मते एकच गोष्ट ठाम धरायला हवी: टीबीएचव्हीला आणि टीबीच्या लॅब टेक्निशियनला दुसऱ्या कामावर पूर्णपणे पाठवायचं नाही. यंत्रं वाटून घेता येतात. खोकणाऱ्या माणसाच्या एकाच भेटीत दोन्ही तपासण्या करता येतात, तसं ऑगस्ट २०२० मध्ये केंद्राने सांगितलंही होतं. गोळ्या दोन महिन्यांच्या देता येतील. पण वस्तीतला कोणता खोकला जुना आहे हे ज्याला माहीत आहे, त्या माणसाच्या जागी दुसरं कोणी बसवता येत नाही.

शेवटी अर्धवट गोळ्या घेतलेल्यांबद्दल. साधा उपचार सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. ज्यांनी मधेच सोडलं, त्यांच्यातले काही बरे झालेले असतात, काही आजारी असतात, आणि काहींना वरून काहीच जाणवत नाही. चेहरा पाहून यातला कोण कुठला हे ओळखू नका. तिघांचाही एक्सरे काढा, बेडका निघत असेल तर सीबीनॅट किंवा ट्रूनॅटला पाठवा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची साधी स्लाइड यांच्यासाठी पुरेशी नाही, कारण औषध चालेल की नाही हे आधी कळायला हवं. घरी उरलेल्या जुन्या गोळ्या पुन्हा सुरू करू देऊ नका, त्या ताब्यात घ्या. आधी औषध घेतलं होतं हे डॉक्टरांपासून लपवू नका, असं स्पष्ट सांगा, कारण रागावतील म्हणून लोक लपवतात. जुनं कार्ड किंवा निक्षयचा (टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणीचा) नंबर असेल तर सोबत द्या. नसेल तर १८००-११-६६६६ या मोफत हेल्पलाइनवर विचारता येतं.

कोविडनंतर फुफ्फुसं कडक झाली म्हणून धाप लागते, असं ज्यांना सांगितलं गेलंय, त्यांचा बेडका एकदा तरी तपासा. आणि टीबी सक्रिय निघाला तर घरातल्या प्रत्येकाची तपासणी करा. ज्यांना रोग नाही त्यांच्यासाठी प्रतिबंधक गोळ्या आहेत. पूर्वी त्या प्रामुख्याने पाच वर्षांखालच्या मुलांना आणि एचआयव्हीबाधितांना मिळायच्या, २०२१ पासून घरातल्या सगळ्या संपर्कांना देता येतात. ज्यांचा उपचार पूर्ण झालाय, त्यांना दोन वर्षं दर सहा महिन्यांनी भेटायचं असतं. २०२०-२१ मधल्या रुग्णांच्या या भेटी बहुतेक राहून गेल्या आहेत. तेव्हाचं रजिस्टर काढा आणि त्यात ज्यांच्या नावापुढे उपचार अपूर्ण असं लिहिलंय, त्यांच्या घरांपासून सुरुवात करा.